मासे सोडले, फोटो आले, पुढे काय?

पावसाळा सुरू झाला की एक बातमी हमखास येते. अमुक नदीत तमुक हजार मत्स्यबीज सोडलं, फोटोत चार-पाच मान्यवर प्लास्टिकच्या पिशव्या पाण्यात रिकाम्या करतायत, मागे बॅनर. मासा महसीर, म्हणजे वाहत्या नद्यांतला तो मोठ्या खवल्यांचा दांडगा मासा, असेल तर बातमीत 'दुर्मिळ' आणि 'संवर्धन' हे दोन शब्द पक्के. मला त्या मान्यवरांचा राग नाही, बऱ्याचदा त्यांना मनापासून वाटत असतं की आपण नदीसाठी काहीतरी केलं. पण माझं म्हणणं आहे की संकटातला नदीतला मासा परत आणायचा असेल तर पिल्लं सोडणं हे अगदी शेवटचं काम आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ते करायची गरजसुद्धा पडत नाही. आपण मात्र तेच पहिलं करतो, आणि एकदा केलं की फाइल बंद.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या लोणावळ्यातून सुरू होतं आणि पार कावेरीत जाऊन पोचतं, आणि गंमत म्हणजे महाराष्ट्रात ते फारसं कुणाला माहीत नाही.

१८३९ मध्ये कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली. त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला मोठ्या खवल्यांचा एक मासा होता, त्याचं इथलंच नाव त्याने शास्त्रीय नावात घेतलं, खुद्री. आज त्याला टॉर खुद्री म्हणतात, दख्खनचा महसीर, निळसर पंखांचा. पुढे शंभरेक वर्षांत घाटमाथ्यावर धरणं झाली, नद्यांचे तुकडे पडले, महसीर रोडावत गेला. मग १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी महसीरची हॅचरी, म्हणजे माशांचं पैदास केंद्र, चालवायला घेतली, आणि डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांनी तिथे खरोखर मोठं काम केलं. महसीर म्हणजे रोहू-कटला नव्हे. अंडी कमी देतो, पिल्लांची वाढ हळू, पाणी गार आणि खेळतं लागतं. मादीच्या पोटावर हलका हात फिरवून अंडी काढायची, त्यात नराचं वीर्य मिसळायचं, ट्रेमध्ये वाहत्या पाण्याखाली ती अंडी जपायची, हे सगळं तंत्र त्यांनी बसवलं, लाखांनी बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, तयार झाली आणि वेगवेगळ्या राज्यांत गेली. त्या काळाच्या मानाने हे काम कौतुकाचंच होतं, आणि पुढे जे लिहितोय त्यामुळे ते कमी ठरत नाही.

या बोटुकलीतली काही कावेरीत गेली. बेंगळुरूकडच्या गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींना कावेरीतला महसीर कमी होतोय हे दिसत होतं, आणि कावेरीचा महसीर म्हणजे जगभरच्या गळवाल्यांची पंढरी. १९४६ मध्ये म्हैसूरच्या वॅन इंगेन यांनी तिकडे १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोचा मासा पकडला होता, तो विक्रम अजून सांगितला जातो. तर या लोकांनी चांगल्या हेतूने लोणावळ्याची पिल्लं आणून सोडली आणि वर्षानुवर्षं सोडत राहिले, मासा वाढला, सगळे खूश.

फक्त जो वाढला तो मासा वेगळा होता.

कावेरीचा मूळचा दांडगा महसीर म्हणजे पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी पंखांचा, ज्याला इंग्रजीत हम्प-बॅक्ड म्हणतात. तो कावेरीच्या खोऱ्याशिवाय जगात दुसरीकडे कुठेच नाही. लोणावळ्याहून गेला तो खुद्री, कृष्णेच्या खोऱ्यातला. तेव्हा कुणाला हा फरक महत्त्वाचा वाटला नाही, महसीर तो महसीर. गळवाल्यांच्या कॅम्पवर मात्र रोजची वही असायची, कोणी किती तास गळ टाकला, काय लागलं, किती किलोचं. पकडून परत सोडायची पद्धत होती, त्यामुळे मोजदाद प्रामाणिक होती. इंग्लंडचे एड्रियन पिंडर, केरळचे राजीव राघवन वगैरे संशोधकांनी कावेरीकाठच्या गालिबोरच्या कॅम्पच्या १९९८ ते २०१२ मधल्या या वह्या उघडून बसून आकडे लावले तेव्हा चित्र निघालं ते असं, की निळ्या पंखांचा मासा भराभर वाढलाय आणि नारिंगी पंखांचा नाहीसा होत आलाय, आणि जे थोडे मिळतायत ते मोठे, म्हातारे, लहान पिल्लं जवळपास गायब. म्हणजे नदीत मासे भरपूर, गळाला लागतायत, कॅम्प चालू, आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप तो मासा आतून संपत चाललेला.

याचं सगळं खापर खुद्रीवर फोडता येत नाही हे मान्य. वाळूउपसा, जिलेटिनचे बार, धरणांमुळे उलटसुलट झालेलं पाणी, हे सगळं तिथेही आहेच. पण बाहेरच्या महसीरच्या भरणीने मूळ माशाची जागा खाल्ली असा संशोधकांचा रोख आहे, आणि आकडे बघता तो रोख नाकारणं अवघड आहे.

यातला अजून एक भाग मला जास्त अस्वस्थ करतो. या नारिंगी महसीरला दीडशे वर्षं शिकारी ओळखत होते, त्याच्या नावाने लोक जगभरातून येत होते, आणि २०१८ पर्यंत त्याला पक्कं शास्त्रीय नाव नव्हतं! दुसऱ्याच माशाच्या नावाखाली तो वावरत होता. २०१८ मध्ये पिंडर, राघवन, आपल्या पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि बाकीच्यांनी शोधून काढलं की केरळातल्या पांबार नदीतून (तीही कावेरीच्याच खोऱ्यातली) आधीच नोंदवलेला टॉर रेमादेवी हाच तो. नाव मिळालं आणि त्याच वर्षी आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' म्हणून गेला, म्हणजे रानातून संपायच्या अगदी अलीकडची पायरी. नाव नाही तर यादीत नाही, यादीत नाही तर पैसा नाही, कायदा नाही, कुणी विचारणारं नाही. आणि तिकडे खुद्री, जो आधी धोक्यातल्या यादीत होता, तो नंतरच्या मूल्यमापनात 'लीस्ट कन्सर्न' झाला, म्हणजे फार काळजी नको. आता हा 'काळजी नको' वाला मासा साइक्सला जिथे मिळाला त्या पुण्याखालच्या मुळा-मुठेत जाऊन शोधून दाखवा बरं. मासा देशभर पसरला, स्वतःच्या नदीचं काय झालं ते आपण रोज पुलावरून बघतोच.

म्हणून प्लॅन करायचा तर पहिला प्रश्न 'किती पिल्लं सोडायची' हा असूच शकत नाही. आधी हे ठरवा की कुठला मासा, कुठल्या नदीतला, आणि तो आत्ता तिथे अंडी घालतोय का. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारतच नाही. महसीर दीर्घायुषी आहे, मोठे मासे डोहात पंधरा-वीस वर्षं दिसत राहतात आणि लोकांना वाटतं आहे की अजून, पण त्यांची पिल्लं वाचतच नसतील तर ते नुसतं शेवटच्या पिढीचं दर्शन आहे. कावेरीच्या वह्यांनी नेमकं हेच पकडलं. एखाद्या नदीत बोटभर लांबीची, तिथेच जन्मलेली पिल्लं सापडतायत की नाही, एवढं एक जरी नीट तपासलं तरी निम्मा प्लॅन आपोआप समोर येतो. सापडतायत? मग बाहेरून एकही पिल्लू आणू नका, जे चाललंय ते वाचवा. सापडत नाहीयेत? मग का नाही ते शोधा, कारण ज्या कारणाने जंगली पिल्लं मरतायत त्याच कारणाने तुमची हॅचरीवाली पण मरणार.

कारणं काय असतात ते नदीकाठच्या माणसाला विचारा, तो पाच मिनिटांत सांगेल. पहिला जोराचा पाऊस पडला की मासे उलट्या धारेने वर चढतात, ओढ्यांमध्ये, भातखाचरांपर्यंत. रायगड-ठाण्याकडे वलगण म्हणतात, तळकोकणात चढणीचे मासे. पोटात गाबोळी भरलेली असते आणि लोक जाळी, पागेर, काठ्या, कोयते घेऊन उभे असतात. मी याला पाप वगैरे म्हणणार नाही, पिढ्यान्पिढ्या चालत आलंय, वर्षातून चार दिवसांचा सण असतो तो, आणि पूर्वी नद्या धडधाकट होत्या तेव्हा एवढ्याने काही बिघडत नव्हतं. पण आता त्याच माशाला खाली धरण आहे, उन्हाळ्यात डोह आटतोय, मधल्या काळात कोणीतरी ब्लीचिंग पावडर ओतून सगळा डोह एका रात्रीत उपसून नेतोय, आणि मग चढणीला जे थोडे पोचतात ते पण गेले तर शिल्लक काय राहणार. समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यावर बातम्या, मोर्चे, चर्चा सगळं होतं. नदीच्या चढणीवर कधी चर्चा ऐकलीये? जिलेटिन लावून किंवा विष टाकून मासे मारायला तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, सव्वाशे वर्षं झाली, आणि आजही कुठल्याही घाटाखालच्या गावात विचारा बार लावतात का.

मग पाणी. महसीरला अंडी घालायला गोटेवाळू असलेला, स्वच्छ, धावता ओढा लागतो आणि पुराचा तो पहिला लोंढा लागतो, त्याने माशाला कळतं की वेळ झाली. धरणाखाली लोंढा येतो तो वीज किंवा सिंचनाच्या वेळापत्रकाने. लोणावळा, मुळशी इथलं पाणी तर घाटाखाली कोकणात वीज करायला जातं, म्हणजे मूळ नदीला उरतं ते सांडव्यावरून येईल तेवढंच. हे मी टाटांवर दोष म्हणून लिहीत नाहीये, आपण सगळे ती वीज वापरतोय, आणि मुळशीच्या लोकांनी १९२१ मध्येच या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता तो जमिनीसाठी होता, माशाचा विचार तेव्हा कोण करणार. पण आज विचार करायला काय हरकत आहे? गंगेत किमान किती पाणी वाहतं ठेवायचं याची अधिसूचना केंद्राने २०१८ मध्ये काढली. कृष्णा-गोदावरीच्या उपनद्यांबद्दल अशी मागणी करणारे लोक हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. हॅचरीला पैसे मागणारे भरपूर सापडतील, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरणातून चार दिवस पाणी सोडा म्हणणारा एक पण नाही, कारण त्याचा फोटो येत नाही.

इंद्रायणीचं उदाहरण घ्या. ती उगम पावते लोणावळ्याजवळ, म्हणजे जिथे महसीरची हॅचरी आहे त्याच भागात. थोडं खाली देहूला डोहात देवाचे मासे, तुकोबांच्या गाथेच्या कथेमुळे त्यांना कोणी हात लावत नाही, वारकरी मुरमुरे टाकतात. अजून खाली आळंदीला पांढरा फेस. देहूला मासे मरून वर आल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. आता वरून हॅचरीतून कितीही महसीर सोडा, खाली नदीतच ऑक्सिजन नसेल तर तो जगणार कसा? पुण्यात मुळा-मुठेसाठी २०१६ मध्ये जपानच्या कर्जातून साधारण ९९० कोटींची सांडपाण्याची योजना मंजूर झाली, तिला किती वर्षं लागली ते पुणेकरांना सांगायला नको, आणि मध्येच ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुशोभीकरणाचा प्रकल्प जोरात. काठ आधी, पाणी नंतर.

लोक म्हणतात, अहो पण काहीच न करण्यापेक्षा पिल्लं सोडली तर बिघडलं कुठे, निदान जनजागृती तरी होते. बिघडतं. कावेरीत बिघडलं. शिवाय हॅचरीत मोजक्या माद्यांपासून लाखो पिल्लं काढली की ती सगळी एकमेकांची भावंडं, त्यांचं रक्त एकसारखं, एक रोग आला तर सगळी आडवी, आणि ती जंगली माशांत मिसळली की मूळ वाणसुद्धा पातळ होतो. आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे काम झाल्याची भावना. पिल्लं सोडली म्हणजे खातं मोकळं, कंपनीचा सीएसआर मोकळा, आमदार मोकळे. नदी तिथेच.

घडियालचं, म्हणजे लांब चिंचोळ्या तोंडाच्या मगरीचं, असंच झालं. १९७५ ला मगर प्रकल्प सुरू झाला, अंडी गोळा करून पिल्लं वाढवून नद्यांत सोडली, पुढच्या काही दशकांत पाच हजारांहून जास्त, आणि तरी २००७ मध्ये घडियाल 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' झाला. चंबळसारख्या ठिकाणी त्याला वाळूचे किनारे आणि वाहतं पाणी राहिलं म्हणून तो टिकला. बाकी नद्यांत सोडलेले कुठे गेले ते नदीलाच ठाऊक.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मी बाजूला सारणार नाही. टॉर रेमादेवीसारखा मासा उद्या संपेल, तुम्ही सर्व्हे आणि पाण्याच्या गप्पा करत बसाल तोवर तो जाईल. बरोबर. अशा वेळी बंदिस्त पैदास हवीच. पण ती त्याच नदीच्या, त्याच खोऱ्याच्या माशांपासून, जनुकं तपासून, जास्तीत जास्त वेगवेगळ्या जोड्या लावून, आणि ती टाकीत ठेवायची, विम्यासारखी. नदी तयार नसताना सोडायची नाही. आययूसीएनची २०१३ ची पुनर्स्थापनेची मार्गदर्शक तत्त्वं पण थोड्याफार फरकाने हेच सांगतात, की मूळ कारण दूर झाल्याशिवाय प्राणी परत सोडू नका. आणि कावेरीत खुद्रीची भरणी पूर्ण बंद, हा तर बिनखर्चाचा उपाय आहे. जो पसरलाय तो आता वेचून काढता येणार नाही, मग गळवाल्यांना सांगा की निळ्या पंखांचा लागला तर घरी न्या, नारिंगी लागला तर फोटो काढून परत सोडा आणि वहीत लिहा. गळवाले हे या गोष्टीतले विचित्र पात्र आहेत. बाहेरची पिल्लं आणून सोडणारे तेच, आणि त्यांच्या वह्या नसत्या तर काय बिघडलं ते कळलंही नसतं. मला वाटतं त्यांना नदीवरून हाकलण्यापेक्षा त्यांच्याकडून वही भरून घेणं जास्त शहाणपणाचं.

आता आपल्याकडे काय करता येईल. आपल्याकडे एक गोष्ट तयार आहे जी बऱ्याच देशांत नाही, देवाचे डोह. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे, वरदायिनी देवीचा, तिथल्या महसीरना कोणी धरत नाही. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वर आहे. वनखात्याचा एक गार्ड नसताना हे मासे वाचले. पण याचं पण फार गोडवे गाऊ नयेत, कारण डोह सुरक्षित म्हणजे नदी सुरक्षित असं होत नाही. मासा पावसात कोंडातून वर चढला की देवीची हद्द संपते. आणि सगळे मोठे मासे एकाच डोहात गोळा झालेले असतात तेव्हा एका माणसाचं एक वाईट कृत्य पुरतं. कर्नाटकात शिशिलाच्या मत्स्यतीर्थात १९९६ मध्ये कोणीतरी विष टाकलं, हजारो मासे मेले, गावाने त्यांचं स्मारक बांधलं.

म्हणून माझ्या डोक्यातला प्लॅन छोटा आहे. आख्ख्या राज्याचं धोरण नको, ते कपाटात जातं. एक नदी घ्या, काळ नदी घ्या. कोंडाच्या वर किती ओढ्यांत महसीर चढतो ते कातकरी आणि भोई लोकांबरोबर फिरून नकाशावर टाका, आणि त्यांना या कामाची रोजंदारी द्या, 'सहभाग' म्हणून फुकट राबवू नका. तेच ओढे दरवर्षी मोजा, मोठे मासे नव्हे, पिल्लं. मत्स्यखातं, वनखातं, पाटबंधारे आणि प्रदूषण मंडळ या चौघांत आज मासा कुणाचाच नाही, मत्स्यखात्याला उत्पादन दिसतं, वनखात्याला अभयारण्याच्या बाहेरचं दिसत नाही, पाटबंधाऱ्याला नुसतं पाणी दिसतं. एका माणसाच्या नावावर ही नदी द्या, आणि दहा वर्षांनी त्याला विचारा की तिथेच जन्मलेली पिल्लं दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त आहेत का. सोडलेल्या बोटुकलीचा आकडा अहवालात धरूच नका, तो रकानाच काढून टाका. आणि लोणावळ्याची पिल्लं काळ नदीत नकोत, घाटाच्या त्या अंगाला कृष्णेचं खोरं आणि या अंगाला समुद्राकडे जाणाऱ्या नद्या, त्यांची सरमिसळ परत नको.

अवघड भाग वलगणीचाच आहे. वरच्या ओढ्यांत पहिल्या पावसाचे काही आठवडे जाळं नको, असं म्हणायचं तर ज्या घरांचा तो हक्काचा मासा आहे त्यांना बदल्यात काय देणार ते आधी ठरवावं लागेल. तळ्यातल्या मासेमारीचा ठेका द्या, मोजणीचं काम द्या, जे परवडेल ते, पण ग्रामसभेत बसून त्यांच्या तोंडून ठरवा. आणि हे मे महिन्याच्या आत व्हायला हवं, कारण मृगाचा पाऊस लागला की लोक जाळी घेऊन ओढ्यावर असणारच, तेव्हा बोर्ड लावून आणि पोलीस पाठवून काही होणार नाही.